अंजनवेलच्या सड्यावरून दाभोळ

गोपाळगडापासून टाळकेश्वराच्या देवळापर्यंत आणि तिथून दीपगृहापर्यंतची वाट रमतगमत चालले तरी तासाभरात संपते. गुहागर तालुक्यातले अंजनवेल हे गाव वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दक्षिण काठावर आहे. खाडीच्या पलीकडे, उत्तर काठावर, दापोली तालुक्यातले दाभोळ. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला खुला अरबी समुद्र आणि मध्ये हा उंच सडा. यंदाच्या जानेवारीत आम्ही चौघे या वाटेने चाललो. चौघांपैकी दोघांचे आजोळ दाभोळ. लहानपणी दाभोळच्या धक्क्यावर उभे राहून आम्ही हा समोरचा कडा कितीदा पाहिला होता. कड्यावरून दाभोळ पाहण्याचा योग मात्र साठी उलटल्यावर आला.

वाट सोपी आहे. पावसाळ्यात हिरवेगार होणारे गवत जानेवारीत पिवळे पडलेले असते. मधूनमधून करवंदीच्या जाळ्या, उघडा काळपट कातळ आणि कड्याच्या टोकाशी गेले की खाली फुटणाऱ्या लाटांचा आवाज. टाळकेश्वराच्या देवळापाशी सावलीत बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, आम्ही काही मागायच्या आधीच, तांब्याभर पाणी पुढे केले. "बसा भाऊ, ऊन लागलंय," म्हणाले. नाव-गाव काही विचारले नाही.

नाव-गाव विचारले ते पुढे, दीपगृहाजवळ. शहरातून आलेली पाचसहा मुले फोटो काढत होती. त्यांतल्या एकाने आमच्याकडून सगळ्यांचा एकत्र फोटो काढून घेतला, आभार मानले आणि सहज विचारले, "काका, तुम्ही कुठले?" आमच्यातल्या एकाने खाडीपलीकडे बोट दाखवून सांगितले, "त्या दाभोळचे." मग नावे विचारली गेली. नावे ऐकल्यावर तो मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, "नाही, म्हणजे मूळचे? तुम्ही लोक अरबस्तानातून आलात ना?"

मुलाच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. शाळेत किंवा घरात कुठेतरी ऐकलेले त्याने विचारले. आमच्यातले निवृत्त शिक्षक हसत म्हणाले, "बाळा, मी तर चिपळूणच्या एसटीने आलो." सगळे हसले, मुलगाही हसला आणि विषय तिथेच संपला. आमच्या मनात मात्र तो संपला नाही. विनोद करून आम्ही उत्तर टाळले होते. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे. ते त्या मुलाइतकेच आम्हा स्वतःसाठीही आहे. कारण आपला खानदानी शजरा थेट अरबस्तानात नेऊन सोडण्याची हौस आमच्या समाजातही काही कमी नाही.

कातळाचे मूळ

आधी पायाखाली काय आहे ते पाहू. या सड्यावरचा तांबूस-काळपट, छिद्राछिद्रांचा दगड म्हणजे जांभा. कड्याच्या कडेला उभे राहून खाली पाहिले तर त्याचे थर दिसतात. वर जांभ्याचे कठीण कवच, त्याखाली मऊ, मातकट थर आणि अगदी खाली, पाण्यालगत काळा बसाल्ट. समुद्र खालच्या अंगाने मऊ थर पोखरत राहतो. आधार गेला की वरच्या कवचाचे घराएवढे तुकडे सुटून खाली कोसळतात. कड्याच्या पायथ्याशी असे कैक धोंडे अस्ताव्यस्त पडले आहेत. ओहोटीला त्यांच्या पलीकडे काळ्या खडपाचा पट्टा उघडा पडतो. त्यात पाण्याने कोरलेली कुंडे, भेगा, घळी दिसतात आणि खडकाला घट्ट चिकटलेली कालवे. कोकणातल्या किती घरांतले कालवण या खडपांनी पुरवले याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ साली दिले. मलबारात लोक हा दगड विटांसारखा कापून घरे बांधतात हे त्याने पाहिले होते आणि लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून त्याने नाव घडवले. आमच्या लोकांना हे काही नवीन नव्हते. जमिनीत असताना जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीने कापता येतो. हवा लागली की हळूहळू टणक होतो. त्याचे चिरे कोकणात देवळाला लागले, मशिदीला लागले, किल्ल्याच्या तटाला लागले आणि विहिरीच्या बांधकामालाही लागले. चिरा कुठल्या भिंतीत बसला त्यावरून त्याची जात ठरत नाही.

जांभ्याची खरी गंमत पुढे आहे. पाहणाऱ्याला वाटते की वरचा तांबडा दगड आणि खालचा काळा दगड हे दोन वेगळे दगड. कुणीतरी एक दुसऱ्यावर आणून ठेवला. तसे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांतून दख्खनचा बसाल्ट तयार झाला. त्याच बसाल्टवर लाखो वर्षे ऊन आणि पाऊस आलटून पालटून पडत राहिले. पावसाच्या पाण्याने त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून नेली, लोह आणि ॲल्युमिनियमचा अंश मागे राहिला आणि काळ्या दगडाचा तांबडा जांभा झाला. बाहेरून आला तो पाऊस. दगड इथलाच.

या जांभ्याच्या सड्यांवर माणसाने फार जुन्या काळी चित्रे कोरली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षी, कशेळी, बारसू अशा गावांच्या सड्यांवरची कातळशिल्पे आता जगाला माहीत झाली आहेत. २०२२ साली कोकणातल्या या शिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत झाला. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे. तो कोरणाऱ्या माणसाची भाषा कोणती, देव कोणता, तो कुठून आला, हे आज कुणाला सांगता येणार नाही. "मूळचे कुठले?" हा प्रश्न खरोखर शेवटपर्यंत ताणला तर तो त्या हत्तीपाशी जाऊन थांबतो. आणि तिथे आपण सगळेच पाहुणे ठरतो.

समुद्राकडे तोंड असलेले गाव

कड्यावरून उत्तरेकडे पाहिले की खाडीचे मुख आणि त्यापलीकडे माडांच्या आडून दाभोळ दिसते. आज तिथे मच्छीमारांच्या होड्या, फेरीबोटीचा धक्का आणि कौलारू घरे आहेत. पंधराव्या शतकात हे दख्खनच्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. बहमनी सुलतानांच्या बिदरला लागणारे घोडे अरबस्तान आणि इराणकडून जहाजांनी इथे उतरत. खाडीतून चिपळूणपर्यंत होडीने आणि पुढे कुंभार्ली घाटाने देशावर, असा मालाचा रस्ता होता. घाटावरून कापड, मिरी-मसाला, धान्य खाली येई आणि इथून होर्मुझ, एडन, मक्केच्या वाटेला लागे. रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला, बिदर पाहून काही वर्षे दख्खनमध्ये राहिला आणि १४७२ च्या सुमारास परतीसाठी जहाजात बसला तो याच दाभोळला. त्याने मागे ठेवलेल्या प्रवासवर्णनात दाभोळचे नाव आहे.

पण मुसलमान या किनाऱ्यावर बहमनींच्या काळात आले असे मानणे चूक आहे. सुलतानांच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या त्याच्या किमान चारशे वर्षे आधी ते इथे होते. इ.स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल्-मसूदी सैमूर बंदरात, म्हणजे आपल्या चौलला, आला. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना आढळले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी त्यात होते. आणि त्यांच्या जोडीला 'बयासिरा' म्हणजे हिंदुस्थानातच जन्मलेले मुसलमानही होते. राज्य राष्ट्रकूटांचे होते. मुसलमानांचे आपसांतले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. म्हणजे हजाराहून अधिक वर्षांपूर्वी चौलच्या रस्त्यावर कुणी एखाद्या मुसलमान तरुणाला "मूळचा कुठला?" असे विचारले असते तर "इथलाच" असे उत्तर देणारे तेव्हाही होते.

याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी इथे सापडलेल्या ताम्रपटांचा आहे. त्यांतला एक शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाणच्या मंडळावर एक मुसलमान, ताम्रपटाच्या शब्दात 'ताजिक', अधिकारी होता. संस्कृत लेखात त्याचे नाव 'मधुमती' असे आले आहे. अभ्यासक ते मुहम्मद या नावाचे रूप मानतात. या मुहम्मदाच्या कारकिर्दीत, त्याच्या संमतीने, भगवतीच्या मठाला जमीन दान दिली गेली. आणि त्याच लेखात त्याचे एक काम नोंदले आहे. त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी विनामूल्य तरी सुरू केली आणि एक अन्नछत्र उघडले.

आम्हाला हे वाचल्यापासून या मुहम्मदाबद्दल फार आपुलकी वाटते. त्याने कुठला किल्ला घेतला हे आम्हाला ठाऊक नाही. त्याने लोकांना फुकट नदी पार करून दिली एवढे ठाऊक आहे आणि ते तांब्यावर कोरलेले आहे. आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात लढाया असतात. ही तर मात्र नसते.

बंदराचे आयुष्य तारखांपेक्षा शब्दांत जास्त टिकते. मराठीत आपण 'बंदर' म्हणतो तो फारसी शब्द. 'नाखवा' हे फारसीतल्या नाखुदाचे रूप. 'सारंग'ही फारसीतून आला. 'खलाशी' आणि 'मोसम' अरबीतले. शिवाजी महाराजांच्या आणि आंग्र्यांच्या आरमारातली 'गुराब' हीही मूळची अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ कावळा. आणि खुद्द 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज आर्मादावरून आला. हे शब्द कुणी सक्तीने शिकवले नाहीत. एकाच होडीत वल्हे मारणाऱ्या माणसांनी ते एकमेकांकडून उचलले. उलट बाजूनेही तेच झाले. अरबी-फारसी बोलत उतरलेल्या खलाशांच्या नातवंडांनी इथली बोली उचलली आणि ती आजही आमच्या घरात, चुलीपाशी आणि मयताच्या घरी सांत्वनाला बसलो असता, बोलली जाते. आडनावांचेही तसेच. काझी, खतीब, मुकादम ही नावे कामावरून आली. सुर्वे, दळवी, सावंत, नाईक ही नावे आमच्यात आहेत तशीच शेजारच्या हिंदू घरांतही आहेत. म्हणजे समुद्रातून आलेले काही होते आणि इथेच धर्म बदललेले पुष्कळ होते. पुढे लग्ने झाली, पिढ्या मिसळल्या. आता कुणाच्या अंगात कुठल्या बंदराचे रक्त किती, हे कुणी सांगू नये. आणि आमच्यातल्या शजरेवाल्यांनी तर मुळीच सांगू नये.

दाभोळची राख

सड्याच्या टोकावर उभे राहून पश्चिमेला पाहिले की क्षितिजापर्यंत अडथळा नाही. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस याच बाजूने फ्रान्सिस्को द आल्मेदाचे पोर्तुगीज आरमार खाडीच्या तोंडाशी आले. त्याच वर्षी चौलजवळच्या लढाईत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना त्याचा मुलगा मारला गेला होता. बाप सूड घ्यायला निघाला होता. वाटेत आदिलशाहीचे दाभोळ लागले. शहर लुटले गेले, जाळले गेले, आणि बायका-मुलांसह माणसे कापली गेली. त्यात धर्म पाहिला गेला नाही. बंदरातल्या वखारी जशा मुसलमानांच्या होत्या तशा हिंदू व्यापाऱ्यांच्याही होत्या. पुढे १५०९ च्या फेब्रुवारीत दीवजवळ आल्मेदाने ते आरमार मोडले आणि अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा बसला.

दाभोळ पुन्हा उभे राहिले, पुन्हा जाळले गेले, पुन्हा उभे राहिले. पण आता समुद्र मोकळा राहिला नव्हता. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' म्हणजे परवाना घेतल्याशिवाय जहाज बाहेर काढणे धोक्याचे झाले. हजला जाणाऱ्या जहाजालाही परवाना लागे. ज्या वाटेने शतकानुशतके माणसे अल्लाचे नाव घेऊन निघत होती त्या वाटेवर जकात बसली.

दाभोळच्या खाडीकाठी विजापुरी घडणीची एक देखणी मशीद आहे. तिला शाही मशीद म्हणतात, अंडा मशीद असेही म्हणतात. मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार आणि समोर पाणी. ती १६५९-६० च्या सुमारासची मानली जाते. लोक तिची कहाणी अशी सांगतात : विजापूरची शहजादी आयेशा बीबी हजला जाण्यासाठी मोठा खजिना आणि लवाजमा घेऊन दाभोळला आली. पण समुद्र सुरक्षित नव्हता. चांचे होते, लढाया सुरू होत्या. जहाज सुटेना. शेवटी काझी-मौलवींनी सल्ला दिला की हजसाठी आणलेला पैसा सत्कार्याला लावा. तिने तो या मशिदीला लावला आणि ती परत गेली.

कहाणीत किती तथ्य आहे याचा निवाडा इतिहास संशोधकांवर सोपवू. पण ज्या काळात ती घडली असे सांगतात तो काळ पाहा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला. त्यानंतर काही काळातच दक्षिण कोकणाबरोबर दाभोळही शिवाजी महाराजांच्या ताब्यात गेले. विजापूरच्या हातून समुद्र निसटत होता. म्हणजे दाभोळची ही सर्वांत सुंदर इमारत बंदराच्या वैभवातून उभी राहिली नाही. लोकांच्या आठवणीत ती एका अडलेल्या सफरीतून उभी आहे. आमच्या आजीच्या तोंडी ही गोष्ट आली की ती शेवटी म्हणायची, "तिचा हज इथंच कबूल झाला."

गोपाळगडाची दुसरी बाजू

सड्यावरची चाल गोपाळगडापासून सुरू झाली होती, म्हणून परत गडाकडे येऊ. जमिनीच्या बाजूला कातळात खणलेला खोल खंदक, जांभ्याचे रुंद तट, बुरूज आणि आत आंब्याची कलमे. तटावर चढले की खाडीत येणारे-जाणारे प्रत्येक तारू नजरेच्या टप्प्यात येते. दाभोळच्या किल्ल्या या तटावर होत्या असे म्हटले तरी चालेल.

विजापूरकरांनी हा किल्ला उभारला. पुढे तो शिवाजी महाराजांकडे आला. १६९९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी खैरातखानाने तो जिंकला आणि पुढची पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षे तो सिद्दींकडे राहिला. १७४५ साली तुळाजी आंग्र्यांनी तो घेतला आणि त्याला गोपाळगड हे नाव दिले. खाडीच्या वरच्या अंगाला, चिपळूणजवळ असलेल्या गोवळकोटचे त्यांनी गोविंदगड केले. दहाएक वर्षांत पेशव्यांनी तुळाजींकडून तो काढून घेतला. १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला.

या यादीकडे हिंदू-मुसलमानांचा झगडा म्हणून पाहण्याची सवय लागली आहे. पण तुळाजी आणि पेशवे दोघेही मराठे होते. तुळाजींचा पाडाव करायला पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या ज्वाळांचा फायदा शेवटी कुणाला झाला हे सर्वांना ठाऊक आहे.

मात्र एक प्रकरण असे आहे की ते वगळून पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही. सिद्दींच्या वतीने अंजनवेलचा कारभार पाहणारा सिद्दी सात याने १७२७ च्या फेब्रुवारीत चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्रावर हल्ला केला. कारण होते एक हत्ती. तिथले ब्रह्मेंद्रस्वामी पेशव्यांचे आणि अनेक सरदारांचे गुरू. सावनूरच्या नवाबाकडून त्यांना एक हत्ती मिळाला होता. तो कोकणात येताना आंग्र्यांच्या लोकांनी अडवला. सिद्दी सातला वाटले की यात स्वामींचाच हात आहे. त्याने देवस्थान लुटले, मोडतोड केली, सेवेकऱ्यांचा छळ केला. स्वामी व्यथित होऊन कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले. पुढे मराठ्यांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली आणि १७३६ साली चिमाजी अप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला.

सिद्दी सातने केले ते वाईट केले. ते आमच्या नावाच्या माणसाने केले म्हणून आम्ही त्यावर पांघरूण घालणार नाही. पण त्याच प्रकरणातला हत्ती एका मुसलमान नवाबाने एका हिंदू स्वामीला दिलेला होता आणि जंजिऱ्याच्या सिद्दींशीही स्वामींचा एके काळी सलोखा होता, हेही त्याच पानावर लिहिलेले आहे. पान अर्धे वाचायचे की पूर्ण, एवढाच प्रश्न आहे. अर्धे पान आमच्यातलेही वाचतात. सिद्दींच्या अजिंक्य जंजिऱ्याचा अभिमान मिरवायचा आणि परशुरामाचा विषय निघाला की गप्प बसायचे, हे आम्ही आमच्या बैठकांत पाहिले आहे. सिद्दी सात आमचा पूर्वज नव्हे. पण संजाणच्या तरीवाल्या मुहम्मदाचा वारसा सांगायचा असेल तर सिद्दी सातचा हिशोबही आम्हीच द्यायला हवा. दोन्ही नावे एकाच किनाऱ्यावरची आहेत.

नाव दाभोळचे, जागा अंजनवेलची

इंग्रजी अंमलात मुंबई वाढली, खाड्यांच्या तोंडाशी गाळ साचत गेला, मोठी जहाजे दाभोळच्या वाटेला जाईनाशी झाली. बंदर गेले तरी आमच्या लोकांचा समुद्र सुटला नाही. ते मुंबईच्या गोदीत गेले, परदेशी जहाजांवर खलाशी झाले, आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचले, आणि १९७० नंतर आखाती देशांत. खाडीच्या तोंडाशी आगबोट उभी राहायची, मचवा माणसे घेऊन जायचा आणि म्हाताऱ्या धक्क्यावर उभ्या राहून दुआ पुटपुटायच्या, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. हजलाही मुंबईहून जहाजानेच जावे लागे. १९९५ मध्ये ती जहाजे बंद झाली. आता दाभोळचा हाजी मुंबईला जाऊन विमानात बसतो आणि काही तासांत जेद्दाला उतरतो. शहजादीला न सुटलेले जहाज आता कुणालाच नको आहे.

याच खाडीच्या वरच्या अंगाला, चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ साली हमीद दलवाई जन्मले. त्यांच्या मतांशी आमच्यातल्या कित्येकांचे पटले नाही, आजही पटत नाही. पण १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंधन' कादंबरीत त्यांनी कोकणातला मुसलमान आणि त्याचे शेजारी मराठीत उभे केले. या खाडीच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला मराठीत लिहिण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज वाटली नाही, ही गोष्ट मतभेदांच्या पलीकडची आहे.

दाभोळचे नाव पुन्हा जगभर झाले ते एका अजब कारणाने. सड्यावरून दक्षिणेकडे वळले की वीज प्रकल्पाच्या उंच चिमण्या दिसतात. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या या प्रकल्पाचा सामंजस्य करार १९९२ साली झाला. त्यावरून आंदोलने झाली, लोक तुरुंगात गेले, सरकारे बदलली. १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ च्या मे महिन्यात तो बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे आला. या सगळ्या काळात जगातल्या वर्तमानपत्रांत नाव गाजले ते 'दाभोळ पॉवर'चे. प्रत्यक्षात प्रकल्प दाभोळात नाही. तो खाडीच्या या बाजूला, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या जमिनीवर आहे. जमिनी इथल्या गेल्या, लाठ्या इथल्या लोकांनी खाल्ल्या आणि नाव समोरच्या गावाचे झाले. नावावरून मूळ शोधणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

परतीची वाट

उन्हे उतरल्यावर आम्ही सडा उतरलो आणि धोपाव्याला येऊन फेरीबोटीत बसलो. बोटीत दोन ट्रक, पाचसात मोटारी, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, दप्तरे घेतलेली शाळेची मुले. तिकीट काढताना शिक्षकमित्र म्हणाले, "संजाणच्या मुहम्मदाच्या राज्यात हे पैसे लागले नसते." आम्ही हसलो. बोट खाडीच्या मध्यावर आली तेव्हा मागे अंजनवेलचा कडा मावळतीच्या उन्हात लालबुंद झाला होता आणि पुढे शाही मशिदीचा घुमट दिसू लागला होता.

सकाळचा तो मुलगा त्याच बोटीत होता. त्याने आम्हाला ओळखले आणि जवळ येऊन विचारले, "काका, ती समोरची मशीद आत जाऊन बघता येते का?" शिक्षकमित्र म्हणाले, "येते की. चल आमच्याबरोबर." मगरिबला अजून वेळ होता. धक्क्यावर उतरल्यावर तो आणि त्याचे मित्र आमच्याबरोबर आले. पायऱ्यांशी चपला काढून आत गेले आणि घुमटाखाली मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. शहजादीची गोष्ट आम्ही त्यांना सांगितली. दाभोळच्या राखेची सांगितली, सिद्दी सातचीही सांगितली. काळोख पडायच्या आत त्यांना दापोलीची गाडी गाठायची होती, म्हणून जांभ्याची गोष्ट राहून गेली.